रिकाम्या खुर्चीचं चित्र

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, माझ्या डच संपादकाला तर नाहीच – आणि तो माणूस पुस्तकातल्या एकेका रेघेबद्दल खोदून खोदून विचारायचा. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही समोर बसलेले नाही, म्हणून असेल. समोर कोणी असलं की मी फार छान बोलतो, आणि छान बोलण्याच्या नादात हे दर वेळी राहून जातं.

मला चित्रं काढता येतात. उगाच विनय कशाला – चांगली येतात, माणसांचे हात तर विशेष. पोटासाठी मात्र मी ग्रीनहाऊसचं सॉफ्टवेअर लिहितो: आत ऊब किती, ओल किती, काचा कधी उघडायच्या. नाशिक सोडून इथे डच मुलखात आलो, डीमन नावाच्या गावात घर घेतलं, आणि एका हिवाळ्यात कंपनीने मला अशा देशात पाठवलं जिथे सहसा कोणी जात नाही. देशाचं नाव पुस्तकात लिहिलं नाही, इथेही लिहीत नाही. तिथल्या राजधानीत पाहुण्यांना दाखवायला एक ग्रीनहाऊस बांधलं होतं – बाहेर बर्फ, आत लालबुंद टोमॅटो, दारावर नेत्याचा भलामोठा फोटो. टोमॅटो शेवटी कोण खायचं, ते मला कळलं नाही. परत आल्यावर त्या मुक्कामावर मी चित्रांचं पुस्तक केलं. ते चाललं. अजून चालतं.

पुस्तक वाचलं असेल तर तुम्हाला बाई आठवतील. तिथे परदेशी माणसाला एकटं फिरू देत नाहीत, दुभाषी कायम बरोबर असतो. भारतीय माणूस येतोय म्हटल्यावर सरकारने माझ्यासाठी हिंदी येणाऱ्या बाई शोधून काढल्या. पन्नाशीच्या, राखाडी कोट, हिंदी सगळी पुस्तकातून शिकलेली. पहिल्याच दुपारी कँटीनमध्ये कोबीच्या पाणचट सूपकडे हात करून म्हणाल्या, "कृपया भोजन ग्रहण कीजिए." मी फस्सकन हसलो. त्यांना आधी कळेना, मग त्याही हसल्या. त्यांचं नाव लिहीत नाही – अजून असतील तर.

मी तापट आहे. त्यात इथे राहून तोंडावर बोलायची सवय लागलेली. तिथल्या लोकांनी सेन्सर चुकीच्या जागी लावला की मी तोंडाला येईल ते बोलायचो. बाई शांतपणे ऐकून घ्यायच्या, मग तिथल्या इंजिनिअरला काहीतरी लांबलचक, गोड सांगायच्या, आणि तो मान डोलावून सेन्सर हलवायचा. माझ्या बोलण्याचा आणि त्यांच्या सांगण्याचा काडीचा संबंध नसायचा. मला सांभाळून घ्यायच्या. मला ते फार लवकर समजलं, आणि समजल्यावर मी आणखीच मोकाट सुटलो.

पुस्तकातलं सगळ्यांत गाजलेलं पान कुठलं? विचारा कोणालाही – रिकामी खुर्ची. कंट्रोल रूममध्ये दोन खुर्च्या, एक माझी, एक बाईंची. एका सकाळी बाईंची रिकामी. खाली मी एवढंच लिहिलंय की आज त्या आल्या नाहीत, आणि का आल्या नाहीत ते इथे विचारायचं नसतं. ग्रोनिंगनच्या विद्यापीठात मी हे पान पडद्यावर दाखवलं तेव्हा पुढच्या रांगेतली एक मुलगी रडली. कसली निर्दय राजवट, म्हणाली. मी मान डोलावली. राजवट निर्दय होतीच, त्यात मी काही खोटं सांगितलं नाही. पण बाई का आल्या नाहीत ते मला माहीत होतं – आणि मी ते कोडं असल्यासारखं काढून ठेवलं.

तर त्या सकाळच्या आदल्या दिवशीचा रविवार. बाईंची दाढ ठणकत होती, गाल सुजलेला. माझ्याजवळची नाशिकहून आणलेली गोळी मी त्यांना दिली. चांगल्या मनानेच दिली, तेवढं तरी माझं आहे. गोळीने त्यांना हॉटेलच्या लॉबीत बसल्या बसल्या झोप लागली. मी त्यांच्यासमोर उभा होतो. उठवावं का? उठवलं असतं तर नाही म्हणाल्या असत्या. मी बूट न वाजवता बाहेर पडलो.

रेल्वेच्या रुळांमागे एक बाजार भरायचा, जो सरकारच्या लेखी नव्हताच. तिथे बायका कोटाच्या आतून उकडलेले बटाटे काढून विकायच्या. मी भिंतीला टेकून चित्रं काढत सुटलो. इतकी चांगली चित्रं मी त्याआधी काढली नव्हती आणि नंतरही नाहीत. मग कोणीतरी खांद्यावर हात ठेवला.

हॉटेलमधल्या एका खोलीत मला बसवलं. टेबलामागे अधिकारी, टेबलावर माझी चित्रं. त्याला हिंदी येत नव्हती, इंग्रजीही नाही. दुभाषी म्हणून बोलावलं कोणाला? बाईंनाच. गालाला रुमाल बांधलेला, डोळ्यांत अजून झोप. अधिकाऱ्याने काहीतरी विचारलं, आणि बाईंनी मला ते त्यांच्या हिंदीत सांगितलं – आप किसकी अनुमति से गए थे?

मला भीती कशाची वाटत होती? तुरुंगाची नाही. भारतीय पासपोर्ट, डच कंपनी – फार तर पुढच्या विमानात बसवलं असतं. मला भीती त्या चित्रांची होती. ती फाडतील, आणि मी रिकाम्या हाताने घरी जाईन. म्हणून मी बाईंकडे बोट केलं आणि म्हणालो, इन्होंने ही कहा था, घूम आइए.

सांगून टाकलं. एवढंच आहे ते.

म्हणजे, एवढंच नाही. बोलताना मनात काय होतं तेही सांगायला हवं. मनात होतं, बाई सांभाळून घेतील. रोज घेतात तसं – मी काहीही बोलावं आणि त्यांनी त्याचं काहीतरी गोड करून सांगावं. त्या खोलीत आम्हा दोघांशिवाय हिंदी कोणाला येत होती? त्यांना काय वाटेल ते सांगता आलं असतं. हा चुकला, माफी मागतोय, असंही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग अधिकाऱ्याकडे वळून त्या बोलल्या – पहिल्यांदाच माझ्या वाक्याइतकंच छोटं वाक्य. बोलताना त्यांनी उजवा हात स्वतःच्या छातीवर ठेवला. त्यानंतर अधिकाऱ्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. तो त्यांच्याकडेच बघत राहिला.

चित्रं मला जेवणाआधी परत मिळाली. बाजाराचं जे चित्र तुम्ही मुखपृष्ठावर पाहता, ते त्यातलंच. दुसऱ्या दिवशी बाईंच्या खुर्चीत कोणी नव्हतं, तिसऱ्या दिवशी इंग्रजी बोलणारा एक तरुण होता. बाईंची तब्येत बरी नाही, म्हणाला. मी पुन्हा विचारलं नाही. त्यांना झोप लागली म्हणूनही शिक्षा झालीच असती, असं मी स्वतःला पुष्कळ समजावलंय. पण ड्यूटीवर डुलकी लागणं आणि परदेशी माणसाला जाणूनबुजून मोकळं सोडणं, हे तिथे सारखं नव्हतं. आणि हे मला बोट करतानाच माहीत होतं.

मग इतक्या वर्षांनी आज का? परवा माझ्या मुलीचं, ईराचं, शाळेत स्प्रेकबर्ट होतं. वर्गासमोर उभं राहून मुलांनी एखाद्या विषयावर बोलायचं असतं. तिने माझं पुस्तक घेतलं. मी मागे, मुलांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे दुमडून बसलो होतो. ईराने रिकाम्या खुर्चीचं पान वर धरलं, आणि एका मुलाने विचारलं, पण त्या बाई का गेल्या? कोणी काही केलं होतं का?

शिक्षिका ईराला म्हणाली, बाबांना तुमच्या भाषेत विचार, आम्हालाही ऐकू दे. घरी मी मराठीत बोलतो आणि ती डचमध्ये उत्तर देते; पण त्या दिवशी सगळ्यांसमोर तिने जपून, मोडकं मोडकं मराठी जुळवलं – "बाबा, त्या बाई का गेल्या?"

मी म्हणालो, "कोणालाच माहीत नाही."

आणि माझ्या मुलीने वर्गाकडे वळून ते डचमध्ये सांगितलं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. मुलांनी मान डोलावली. ती खूश होऊन माझ्याकडे बघून हसली.

हे छापून येण्याआधी मी तिला वाचून दाखवणार आहे. तिला मराठी वाचता येत नाही, ऐकून सगळं कळतं. पुढे वर्गात काय सांगायचं, ते ती ठरवेल.

त्या पुस्तकात मी बाईंचे हात खूपदा काढलेत – सूपचा वाडगा धरलेले, टोमॅटो निवडणारे, कोटाची बटणं लावणारे. लोक त्या हातांचं कौतुक करतात, आणि ते हात खरंच चांगले उतरलेत. छातीवर ठेवलेला हात मी काढलेला नाही. तो माझ्या मनात जरासुद्धा पुसट झालेला नाही – बोटं कशी होती, अंगठा कुठे टेकला होता, सगळं दिसतं. मला तो सहज काढता आला असता. त्याच्या जागी मी खुर्ची काढली.