राजोडीच्या वळणावर लागणारी आतली लाईट

आधीच सांगते, म्हणजे खाली कॉमेंटमध्ये कुणी अक्कल शिकवायला नको. मी शाळेत विज्ञान शिकवते. भूत, भानामती, बाहेरचं असलं काही ऐकलं की माझं डोकंच सटकतं. या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर वाचत आले ते निव्वळ करमणूक म्हणून… आणि आज स्वतःच लिहायला बसलेय. हसायचं तर हसा.

मी विरार पूर्वेला, फुलपाड्यात राहते. एकटीच. आई होती तोवर घराला घरपण होतं. ती गेली आणि संध्याकाळ नुसती खायला उठायला लागली. कुलूप उघडायचं, टीव्ही लावायचा आणि तो बघायचा नाही. म्हणून एजंटकडून एक जुनी पांढरी गाडी घेतली. आधीचा मालक कोण, तेही विचारलं नाही. शाळा सुटली की सरळ राजोडीच्या समुद्रावर जायचं, रात्र होईपर्यंत बसायचं, मग घरी. समुद्राचं वेड वगैरे काही नाही हो… घरी लवकर जाऊन करायचं काय?

समुद्राकडे जाताना वाड्यांमधून एक अरुंद रस्ता लागतो. दोन्ही बाजूंना केळी, नारळ, मधेच एखादं कौलारू घर. तिथल्या एका वळणावर माझ्या गाडीतली आतली लाईट आपोआप लागायची. छताला असते ना, ती. वळण संपलं की बंद.

मला वाटलं, दार नीट बसत नसेल. दाराच्या चौकटीत एक छोटं बटण असतं. दार लागलं की ते दाबलं जातं आणि लाईट विझते. ते सैल झालं की गाडी आदळल्यावर लाईट लागू शकते. साधी गोष्ट. मी छतावरचा स्विच 'ऑफ'वर सरकवला, म्हणजे दाराचा संबंधच संपला. दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर… लागली!

पण मी काही कच्च्या गुरूची चेली नाही. परतताना त्याच वळणावरून गाडी आणली — नाही लागली. दुसऱ्या खड्ड्यांत मुद्दाम आदळली (आमच्या वसई-विरारला खड्ड्यांचा काय तोटा!) — नाही लागली. सुट्टीच्या दिवशी भर दुपारी गेले, तरी नाही. फक्त समुद्राकडे जाताना, त्याच वळणावर, दिवेलागणीच्या वेळी.

शेवटी जूचंद्रच्या रमेशकडे गेले. गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, ओळखीचा आहे. त्याने चारही दारांची बटणं बदलली. खाऱ्या हवेने गंजलीच होती. छतावरचा स्विच नवा घातला. तरी ती बया वळणावर लागायची ती लागलीच. मग रमेशही वैतागला.

"मॅडम, आता वायरच काढून ठेवतो. करंटच नाय तर पेटनार कशी?"

त्याने वायर काढली आणि तिच्या टोकाला टेप गुंडाळली. मी स्वतः टेस्टर लावून बघितलं. स्विच इकडे-तिकडे सरकवला. काही नाही.

त्या संध्याकाळी वळणावर लाईट लागली.

मी कचकन ब्रेक मारला. पिवळा उजेड माझ्या हातांवर, मांडीवर पडलेला. तेवढ्यात डावीकडच्या घराच्या ओटीवरून एक म्हातारी उठली आणि फाटकापाशी आली.

"हेडलाईट बारीक कर गो बाय, डोळ्यांवर येते."

मी हेडलाईट घालवली. ती पुढे आली, बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. मग दाराजवळचा पोचा चाचपला.

"ही आमच्या ह्यांची गाडी. हा पोचा बघ, आमच्याच फाटकाला घासलेली."

मी वर बघितलं तर लाईट विझली होती. मावशींनी मला ओटीवर बसवलं, चहा दिला. मी लाईटबद्दल बोलले, तर त्यांना काडीचं नवल वाटलं नाही.

"ते रोज लावायचे. वाडीत शिरताना हेडलाईट बारीक करायची अन् आतली लाईट लावायची, ही आमच्याकडची रीतच. ओटीवरच्या माणसाला कळायला नको कोण आलं ते? तोंड न दाखवता शिरतो तो चोर. या वळणावर ह्यांची लाईट दिसली की मी चहा ठेवायची."

यजमान गेल्यावर मुलाने, नितीनने, गाडी एजंटला देऊन टाकली होती. तो बोरिवलीला राहतो. आणि आता मावशींना रोज संध्याकाळी तीच गाडी, तीच लाईट दिसायला लागली. त्यांनी भाबडेपणाने मुलाला फोनवर सांगितलं, "बाबा लाईट लावतात." झालं! आईला भास होतायत, एकटं ठेवण्यात अर्थ नाही, असं त्याने ठरवून टाकलं. आता तो त्यांना कायमचं बोरिवलीला नेणार होता.

"तू सांगशील त्याला? मी वेडी नाय म्हणून?" त्यांनी माझा हात धरला. "पानवेल उपटून गॅलरीत लावली तर धरेल काय गो?"

"सांगते," मी म्हटलं.

त्यानंतर मी रोज जायला लागले. वायर काढलेली लाईट रोज लागायची, मी हेडलाईट बारीक करायची, आणि फाटकात पोचेपर्यंत स्टोव्हचा आवाज यायचा. 'जेवलीस काय दुपारची?' असं मला कुणी विचारलं त्याला किती काळ लोटला होता! घरी येऊन मी रडले, आणि ते रडणं बरं वाटलं.

रविवारी नितीन आला. चांगला माणूस आहे, उगाच नावं ठेवणार नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"गाडी खरी आहे," मी म्हटलं. "लाईटही खरी. तुमच्या आईला भास होत नाहीत."

"दाखवा," तो म्हणाला.

दिवेलागणीला मी त्याला शेजारी बसवून वळणावर आले. लाईट लागली नाही. गाडी मागे घेतली, पुन्हा आणली. नाही. तिसऱ्यांदा आणली, तेव्हा मावशी ओटीवर उभ्याच होत्या, पदर मुठीत धरून.

"मॅडम, वायर तर काढलीय म्हणालात ना?"

"हो."

"मग लागणार कशी?"

हाच प्रश्न मी वर्गात पोरांना विचारते. काय बोलणार, कपाळ! त्याने अगदी हळू विचारलं, "तुम्हीसुद्धा एकट्याच राहता का?"

मी गाडी फाटकाशी लावली आणि खाली उतरले.

मावशींना नेलं त्या दिवशी मी तिकडे फिरकले नाही. माझ्याच्याने बघवलं नसतं. मी शब्द दिला होता आणि माझ्या साक्षीने त्यांचं नुकसानच झालं, हे मनातून जात नव्हतं. त्या वळणावरून पुढे अनेकदा गेले, पण लाईट लागली नाही. मग रमेशकडून वायर पुन्हा जोडून घेतली. आता ती चारचौघींसारखी लाईट आहे. दार उघडलं की लागते, लावलं की विझते.

मागच्या आठवड्यात संध्याकाळी तिथे पोचले. घर बंद, ओटीवर पाचोळा. काय वाटलं कुणास ठाऊक, हेडलाईट बारीक केली आणि स्विच सरकवून आतली लाईट लावली. माझ्या हाताने. आणि मोबाईल वाजला.

"चहा ठेवलाय गो. ये."

"मावशी? अहो, मी राजोडीला आहे… तुम्ही बोरिवलीला."

"ठाऊक आहे मला. पण लाईट दिसली ना." मग आवाज एकदम बारीक झाला. "नितीनला सांगू नको हां."

मी येणार हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मलाच आधी माहीत नव्हतं! वायर काढलेली लाईट कशी लागायची, आणि बोरिवलीच्या आठव्या मजल्यावरून त्यांना काय दिसलं… यातल्या कशाचंच उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर लिहा, पण मी आता शोधत नाही.

"नाही सांगत," मी म्हटलं. इंजिन बंद केलं आणि त्या बंद घरासमोर फोन कानाला लावून बसून राहिले, त्यांचा चहा पिऊन होईपर्यंत.