शेजारणीचा हंडा

सोसायटीची टाकी धुतली की ब्लीचिंग पावडरचा वास जिन्यात भरतो आणि मला गोवंडीची आमची जुनी गल्ली आठवते. तिथे नळाचे पाइप उघड्या गटारातूनच गेले होते. सकाळी अर्धा तास पाणी यायचं, आधी काळपट, मग जरा निवळ. शेजारी मालवणकडचं एक कुटुंब भाड्याने राहायचं, नवरा-बायको आणि चार वर्षांची मुलगी. त्यांच्या खोलीत नळ नव्हता, म्हणून त्या बाईचा हंडा मी आमच्या नळावर भरून द्यायचे. एके दिवशी पाणी दिसायला स्वच्छ होतं, पण त्याला गटाराचा वास येत होता. मी आमचं पाणी उकळायला ठेवलं. तेवढ्यात ती दारात आली. "वैनी, भरलो काय हंडो?" तिने विचारलं. "हो, ने पटकन, मला कामावर उशीर होतोय," मी म्हटलं. वासाचं काही बोलले नाही. दोन दिवसांनी तिच्या मुलीला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. हॉस्पिटलात नेईपर्यंत पोर पार सुकून गेली होती, आणि दुसऱ्या सकाळी ती गेली. गावी परतण्याआधी ती बाई माझा निरोप घ्यायला आली. माझा हात धरून म्हणाली, "तुमी होतास म्हणान आमका पाणी तरी गावला." तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी नुसती मान हलवली. आता ती कुठे असते, मला ठाऊक नाही, आणि खरं सांगायचं तर मी कधी शोधलंही नाही.