रुमाल टाकलेली जागा

तापलेल्या धुळीचा वास आला की आमच्या विद्यापीठाची सर्व्हर रूम आठवते. संशोधकांच्या सामायिक संगणकांचा कोण किती वापर करतो, हे पाहणं माझं काम. एसटीत रुमाल टाकावा तशी काहीजण तिथं नुसती जागा धरून ठेवत. एका दुपारी एका विद्यार्थ्यानं जागा धरलेली, पण वापर शून्य दिसला, आणि त्याच्यामागे रांगेत एका मुलीचं प्रबंधाचं शेवटचं गणित अडलं होतं. मी फोन केला. “रुमाल टाकून कुठं गेलास रे?” “गावी, दुधनीला, सर. वडील गेले सकाळी.” “मग तू घरचं बघ,” मी म्हणालो. तर तोच म्हणाला, “माझं बंद करा की सर. माझ्यामागं रांगेत ती हाय, तिला उद्या प्रबंध द्यायचा हाय.” “अरे, तुझं अर्ध्यावर थांबलेलं गणित पुसलं जाईल.” “जाऊ द्या. परत करतो.” मी त्याचं काम बंद केलं, तिचं लगेच सुरू झालं. तेव्हापासून कुणाचा वापर शून्य दिसला की मी आधी घरचं विचारतो, मग कामाचं.