ठोकून ऐकलेली हवा

बातमी आली तेव्हा मी शाळेत सातवीच्या वह्या तपासत होतो. थंडीतली दुपार, टेबलावर ऊन आलेलं. महादेव ड्रायव्हर दारात उभा राहिला. "मास्तर, चला. भाऊ रोड ओलांडून राहिले होते... मागून ट्रक आला." मी हातातली वही तपासून पूर्ण केली, खाली सही केली आणि मग उठलो.

पुढचे तेरा दिवस माणसं येत राहिली. जो येईल तो बसायचा, पाणी प्यायचा आणि एक किस्सा ठेवून जायचा. माणूस गेल्यावर किस्से असेच साठत जातात.

माझे थोरले भाऊ भंडारा रोडवर ट्रकच्या टायरची हवा तपासायचे आणि हवेची गेजं दुरुस्त करायचे. आमचं घर विणकरांचं. हातमागाच्या खटखटीत लहानपण गेलं, तरी भाऊंचा कान असा तयार, की टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, टायर ठोकायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "सत्तर पाउंड." विहिरीत कुणी हळूच हाक मारावी तसा तो आवाज. टम्म! त्या आवाजानं दुपारसुद्धा क्षणभर थांबल्यासारखी वाटायची.

*

एकदा एक सेल्समन चकचकीत नवं गेज घेऊन आला. भाऊंनी टायर ठोकला. "बहात्तर." गेजचा काटा म्हणाला, शहात्तर! सेल्समन गालात हसला. भाऊंनी दुकानातली दोन गेजं लावून दाखवली. दोन्ही बहात्तर. मग शांतपणे त्याचं गेज उघडलं, स्प्रिंग नीट बसवून परत दिलं.

"राहू द्या साहेब, नवं आहे. शिकल हळूहळू!"

*

भिवापूरला निघालेलं एक वऱ्हाड दुकानासमोर थांबलं. नवरदेवाच्या अँबेसिडरचा टायर बघायचा होता. बँड जोरात. भाऊंनी दोनदा ठोकलं, मग हात वर करून ओरडले, "बँड बंद करा!"

बँड बंद. सगळे गप्प. वऱ्हाड न्यायला आलेले नवरीचे मामा मागच्या गाडीतून धावत आले. भाऊ म्हणजे मानपानासाठी अडलेले वरपक्षाचेच कोणी, अशी त्यांची समजूत. "आता अजून काय पाहिजे तुमाले?"

"दोन मिनिटं शांतता, मामाजी!"

*

पुढे पुढे भाऊ शब्द पुन्हा विचारायला लागले. ड्रायव्हर मोठ्यानं बोलले की चिडायचे, "काहून वरडून राहिला गा? मी काय तिकडे दूर मौद्याले बसलो?" ठोकताना डावा तळवा टायरवर ठेवायचे. मी एकदा बघत राहिलो, तर म्हणाले, "आजकालचे टायरच कमी बोलतात."

मला कळायचं ते कळलं. हे बाहेर गेलं असतं तर दुकानासमोर एकही ट्रक थांबला नसता. आणि भाऊंचा अंदाज चुकला असता, तर घाटात कुणाचा तरी टायर फुटला असता. मी शर्टाच्या खिशात मावेल असं एक छोटं गेज विकत घेतलं. दर रविवारी दुकानावर जाऊन बसायचो. भाऊ चहा घ्यायला वळले की त्यांनी तपासलेला टायर गुपचूप मोजायचो. फरक निघाला तर एखाद्या पाउंडाचा. कधी तोही नाही.

*

शेवटचा किस्सा महादेवचाच. एका रविवारी तो संत्री भरून निघाला होता. भाऊंनी मागचा टायर ठोकला, तळवा ठेवला, आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. ट्रकच्या सावलीत ते झोपेत ऐकत असावेत असे दिसत होते.

"हा उतरव," ते म्हणाले.

"काहून? हवा तं बरोबर आहे, भाऊ!"

"उतरव म्हटलं ना!"

महादेव कुरकुरत जॅक आणायला गेला, भाऊ पाना शोधायला आत. मी खिशातलं गेज लावलं. ऐंशी. जितकी हवी तितकीच. टायर उतरवून खोलला, तर आतून वीतभर चिरलेला. बाहेरून साधा ओरखडाही नव्हता.

महादेवनं त्या चिरेवरून बोट फिरवलं. मी भाऊंच्या कानाजवळ जाऊन मोठ्यानं विचारलं, "तुमाले कसं समजलं?"

भाऊ हात पुसत होते. माझ्या शर्टाच्या खिशाकडे बघून हसले.

"त्याले विचार ना. दर रविवारी त्यालेच तं विचारतोस!"

सीताबर्डीतल्या कानाच्या डॉक्टरांकडे भाऊंना न्यायचं माझ्या मनात दोन वर्षं होतं. नेलं नाही.