फोटो पाठव

परदेशातल्या टौरंगा शहरात, शाळेत माझी एकच जिवाभावाची मैत्रीण होती. ती चिलीहून आलेली. वडील तिकडेच राहिलेले, आई इथे किवीफळांच्या पॅकहाऊसमध्ये कामाला. आमच्या घरी ती दोनदा मागून पोहे खायची. पोहण्यात तर तिचा हात धरणारं शाळेत कोणी नव्हतं.

सोळाव्या वर्षी तिला तो भेटला. त्यांच्याच चर्चमधला, तिच्याच भाषेत बोलणारा, एकोणीस वर्षांचा. रोज गाडी घेऊन शाळेबाहेर उभा असायचा. मला तिचा हेवा वाटायचा, हे कबूल करते.

ती कुठे आहे ते सतत दिसावं, अशी सोय त्याने तिच्या फोनमध्ये करून घेतली. मग मेसेज यायला लागले, ‘कोणाबरोबर आहेस? फोटो पाठव.’ ती माझ्या खांद्यावर डोकं टेकवून फोटो काढायची. “काळजी करतो गं,” म्हणायची. पुढे पोहणंही सुटलं. मुलांसमोर टॉग्ज, म्हणजे पोहण्याचा पोशाख, घालून उभं राहिलेलं त्याला चालत नव्हतं.

एकदा ती आमच्याकडे अभ्यासाला थांबली आणि तिच्या फोनची बॅटरी संपली. दुसऱ्या दिवशी तिच्या दंडावर बोटांचे वळ होते.

“त्यानेच ना?”

“माझीच चूक. फोन चार्ज करायला हवा होता.”

मी आईला सांगितलं. आम्ही दोघी तिच्या आईकडे गेलो. तिने कॉफी केली, सगळं ऐकून घेतलं. मग मोडक्या इंग्रजीत म्हणाली, “इथे आमचं कोण आहे? तो मला डॉक्टरकडे नेतो, माझे फॉर्म भरतो. तरुण आहे, निवळेल.”

परतताना गाडीत आई म्हणाली, “आता यात पडू नकोस.”

तरी मी शाळेतल्या समुपदेशक बाईंना सांगितलं. त्यांनी तिला बोलावलं, तिने हसत सगळं नाकारलं. त्याच संध्याकाळी तिच्या नंबरवरून मेसेज आला, ‘परत माझ्याशी बोलू नकोस.’ तो तिने लिहिला की त्याने, मला आजही माहीत नाही. पुढच्या टर्मला ती शाळेत आलीच नाही.

गेल्या वर्षी दुसऱ्या गावात, मनुरेवाच्या बाजारात ती दिसली. कडेवर बाळ, शेजारी तो. मी हाक मारली. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं.

“कोण ही?” त्याने इंग्रजीतच विचारलं, मला कळावं म्हणून.

“शाळेत होती बहुतेक,” ती म्हणाली. बाळाचं टोपडं सारखं केलं आणि त्याच्या मागोमाग निघून गेली.