जावईबापूंनी सोडलेली तांबोशी

मंडळी, आज माझ्या जावयाने मला भर खाडीत फसवलं, ते ऐका.

जावईबापू हिमाचलात जाऊन ट्राउट मासा धरायला शिकून आलेत. त्याला खरं आमिष लागत नाही म्हणे. पिसाची खोटी माशी करून पाण्यावर नाचवायची. काल माझ्या कोंबड्याची पिसं वेचत होते, मला वाटलं उशी भरतायत!

सकाळी गळ घेऊन निघाले नि म्हणाले, "आई, आज बाजारातून मासे नका आणू."

मी विश्वासाने खोबऱ्याचं वाटप केलं नि पिशवी घेऊन मागोमाग गेले.

आमच्या खाडीत ट्राउट कुठला? पण त्या खोट्या माशीला चांगली हातभर तांबोशी लागली की! मी पिशवी उघडली. तर जावईबापूंनी गरी अलगद काढलीनी आणि तांबोशी पाण्यात सोडून दिलीनी.

"अहो, हे काय केलंत?"

"आई, यात धरून सोडायचंच असतं."

"आमच्याकडे धरून रांधायचं असतं, बापू!"

दुपारी वाटपाचं नुसतं सार वाढलं. म्हटलं, "तुमची तांबोशी यातच पोहतेय, शोधा." लेक हसून लोटपोट. जावईबापूंनी मात्र दोनदा सार मागून घेतलं.

आमचे हे होते तेव्हा खाडीवर मासे गरवून रिकाम्या हाताने यायचे नि म्हणायचे, "मोठा लागला होता गो, दया आली, सोडला." मी जन्मभर हसले.

लागलेला मासा माणूस खरंच सोडतो, हे आज पहिल्यांदा बघितलं.

तुम्हीच सांगा, खरं बोलत असतील का हो ते?