पाचवं माणूस

गुरुवार, १३ मार्च. सकाळी दूध उशिरा आलं. मागच्या खिडकीची तडकलेली काच बदलून घेतली. सून साडेसातला आली, चेहरा उतरलेला. जेवण झाल्यावर टेबलावर फोन ठेवून तिने उद्याच्या प्रश्नांचा सराव केला. मी शेजारी शेंगा सोलत बसले होते. बोटीवरून मुलाचा फोन नाही.

एवढं लिहून माईंनी वही मिटली, पण मन काही मिटेना.

सून ज्या कंपनीत होती, ती म्हाताऱ्या माणसांना घरबसल्या औषधं मागवता यावीत म्हणून फोनवरचं अ‍ॅप बनवत होती. माणसं अ‍ॅप उघडत आणि अर्ध्यावर सोडून देत. का, ते कुणालाच कळत नव्हतं. मीटिंगमध्ये प्रत्येकाचं कारण वेगळं आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं कारण खरं. शेवटी सुनेनेच सुचवलं, की एक आठवडा बाकीची कामं बाजूला ठेवून सगळे एका खोलीत बसू आणि शुक्रवारी खऱ्या माणसांच्या हातात काहीतरी देऊन बघू. याला ते लोक डिझाइन स्प्रिंट म्हणत. माईंना स्प्रिंट म्हटलं की कॉन्व्हेंट शाळेच्या मैदानावरची सिस्टरांची शिट्टी आठवे आणि आपण शेवटून दुसऱ्या येत होतो तेही आठवे.

कंपनीच्या मालकांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणत. ते तयार झाले, पण जाता जाता पाचर मारून गेले. शुक्रवारी ठोस काही हाती लागलं नाही तर हा गट मोडायचा आणि सुनेने दुसऱ्या शहरातल्या शाखेत जायचं.

तेव्हापासून माईंचा जीव टांगणीला लागला होता. मुलगा वर्षातून दोनदा घरी येणार. सूनही गेली तर घरात माई आणि भिंती. सुनेने ‘तुम्ही पण चला ना’ म्हटलं होतं, पण या वयात नवा डॉक्टर, नवा जिना, नवे शेजारी हे माईंना नको होतं. सुनेला काळजी कामाची होती. माईंना कामाची नव्हतीच, आणि त्याची त्यांना थोडी लाजही वाटत होती.

आठवडाभर रोज संध्याकाळी सून तुकड्यातुकड्याने सांगत होती. सगळ्यांनी फोन दाराजवळच्या टोपलीत टाकायचे, सरांनीसुद्धा. मंगळवारी कुणी कुणाशी न बोलता फोनचा पडदा कसा दिसावा याचं आपापलं चित्र काढायचं, कारण चर्चा करत काढलं तर एकच चित्र निघतं आणि ते सगळ्यात बोलक्या माणसाचं असतं. बुधवारी चित्रं बिननावाने भिंतीवर लागली. गुपचूप ठिपके चिकटवून मतं पडली. जास्त ठिपके एका साध्या चित्राला होते, औषधाचं नाव आणि खाली मोठं बटण. पण शेवटचा कौल सरांचा, हे पहिल्याच दिवशी ठरलेलं. त्यांनी दुसरं उचललं. त्यात पडद्यावर गोळ्यांची चित्रं होती आणि हवी ती गोळी बोटाने ओढून पिशवीत टाकायची होती. चित्रावर नाव नसलं तरी ते कुणाचं, हे खोलीतल्या पंख्यालाही माहीत होतं.

“मग तू बोलली नाहीस?” माईंनी विचारलं होतं.

“नियम मीच केलाय, आई. कुणीतरी एकाने ठरवायचं. नाहीतर बुधवार संपतच नाही.”

गुरुवारी त्या चित्राचं दिखाऊ अ‍ॅप तयार झालं, नाटकातल्या घरासारखं, पुढून दार आणि मागे काहीच नाही. शुक्रवारी पाच अनोळखी म्हातारी माणसं एकेक करून येणार होती. आत सून आणि ते माणूस. बाकीचे शेजारच्या खोलीत कॅमेऱ्यावर बघणार. कोण कुठे अडलं ते भिंतीवर प्रत्येकाच्या वेगळ्या रकान्यात लिहिणार. सुनेला चूक न होऊ देता प्रश्न विचारायचे होते, म्हणून तर तिने घरी सराव केला. पडद्यावर बोट ठेवून, गोळी ओढून, पुन्हा पुन्हा. माईंच्या नाकासमोर.

शुक्रवारी दुपारी घरचा फोन वाजला. सर स्वतः बोलत होते. पाचव्या बाईंना ताप आला होता आणि आयत्या वेळी कुणी मिळत नव्हतं. माई जरा येतील का? मागून सुनेचा आवाज स्पष्ट ऐकू आला. “सर, घरचं माणूस नको. घरचं माणूस आपली लाज राखायला बघतं.” सर हसून म्हणाले, राखू दे की.

माई चपला घालून निघाल्या. रिक्षात त्यांनी पर्स चार वेळा उघडून बंद केली.

ऑफिसात त्यांना पाणी आणून दिलं ते चष्मेवाल्या इंजिनिअरने. तो गटातलाच. चेहरा असा, की जणू घरात कुणी आजारी आहे. काचेपलीकडच्या भिंतीकडे माईंची नजर गेलेली पाहून तो पुटपुटला, की चौघांपैकी तिघं पिशवीपाशीच अडकले. गोळीवर नुसतं टकटक करत बसले.

माईंना पुढचं सांगायला नको होतं. चौघांत तिघं अडकले म्हणजे आठवडा पाण्यात, गट मोडला, सून चालली.

सुनेने त्यांना खुर्चीवर बसवलं. तिचे ओठ चावून लाल झाले होते. ती परक्यासारखी बोलली. परीक्षा तुमची नाही, अ‍ॅपची आहे, मनात येईल ते मोठ्याने बोला, मी मदत करणार नाही, राग मानू नका. मग फोन पुढे केला.

माईंनी नाव टाकलं. पुढे गेल्या. गोळ्यांचा पडदा आला. त्यांनी गोळी धरली आणि सरळ ओढून पिशवीत टाकली. दुसरीही टाकली. भिंतीपलीकडून टाळी ऐकू आली, सरांचीच असणार.

“छान आहे,” माई म्हणाल्या. “अगदी सोपं.”

सुनेने विचारलं. “ही गोळी ओढायची असते, हे तुम्हाला कशावरून कळलं?”

माईंनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. “दिसतंच की.”

सून काही बोलली नाही. अशा वेळी समोरच्याला बोलू द्यायचं, मध्ये पडायचं नाही, असा तिचा नियम होता. काल तो ऐकताना माईंना कौतुक वाटलं होतं. आज ती शांतता मानेवर बसली. सुनेने कागदावर काहीतरी लिहिलं, आभार मानले आणि ती शेजारच्या खोलीत गेली. माईंना राहवेना, त्याही मागोमाग दारापर्यंत गेल्या.

आत सर उभे होते. म्हणत होते, की बघा, पाचांत दोघांना जमलं, म्हणजे अगदीच वाया नाही. सुनेने मार्कर उचलला आणि पाचव्या रकान्यावर उभी आडवी फुली मारली.

“अहो, खोडताय काय? त्यांनी केलं ना व्यवस्थित.”

“काल मी घरी त्यांच्यासमोर सराव केला, सर. त्यांनी सगळं पाहिलंय. चूक माझी आहे. हा रकाना धरता येणार नाही.”

सर दाराकडे वळले. “खरं का, माई?”

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आता अर्थ नव्हता.

“पाहिलं होतं,” त्या म्हणाल्या. “आणि तुम्ही हिला दुसऱ्या गावी पाठवणार, म्हणून मुद्दाम चटकन केलं. ती गेली तर मी एकटी पडते.”

सरांचे कान लाल झाले. ते भिंतीकडे तोंड करून बराच वेळ ते रकाने वाचत राहिले. मग स्वतःशीच म्हणाले, “म्हणजे माझं चित्र समजायला आधी शिकवणी लावावी लागते.” टोपलीतून आपला फोन काढून घेऊन ते निघून गेले. गटाचं काय, एक शब्द नाही.

परत येताना रिक्षात दोघी आपापल्या बाजूने बाहेर बघत होत्या. सिग्नलला सून म्हणाली, “तुम्ही तर शाळेत कॉपी करणाऱ्या मुलींची नावं सिस्टरांना सांगायचात म्हणे.”

“तेव्हा पेपर माझा असायचा,” माई म्हणाल्या. “आज तुझा होता.”

“आणि मी नापास झाले असते, तर माझी मी झाले असते, आई.”

घरी आल्यावर सून हात धुऊन ओट्याशी उभी राहिली. फोन तिने कुकरशेजारी ठेवला होता आणि शिट्टी झाली तरी तिचं लक्ष फोनवरच. माई उगाच चमचे पुसत राहिल्या. आता गावाचं नाव येईल, तारीख येईल, या भीतीने त्यांनी तेच सहा चमचे पुन्हा पुसले.

फोन थरथरला. सुनेने वाचलं, मग माईंच्या समोर धरला. सरांनी लिहिलं होतं: ‘सोमवारपासून बटणाचं चित्र घ्या. नवीन पाच माणसं बोलवा. तोपर्यंत गट आहे तसा राहील. घरचं कुणी नको.’

“तोपर्यंत म्हणजे?” माईंनी विचारलं.

“म्हणजे पुढच्या शुक्रवारपर्यंत,” सून म्हणाली आणि कुकरकडे वळली.

शुक्रवारच्या पानावर माईंनी नेहमीच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: संध्याकाळी सिलिंडर संपला. सुनेने दुसरा लावला. भात थोडा कच्चा राहिला.